पोळ्याला जुंपलेली गाडी

माझ्या बाबांना इतवारीत कोणी रुपराव म्हणत नसे. सगळे 'सरकार' म्हणत. हमाल म्हणत, चहावाला म्हणे, आणि ज्याच्या ट्रकवर ते ड्रायव्हर होते तो गिरिधरशेठसुद्धा, "क्या सरकार, आज निकलना है या मुहूर्त देखना है?" असं विचारी. हे नाव मानाचं होतं असं कोणी समजू नये. सरकारी नोकरी सुटून दहा वर्षं होत आली तरी या माणसाच्या अंगातलं सरकार सुटलं नाही, असा त्याचा अर्थ. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तसं.

आम्ही हुडकेश्वरचे. आता तिथे प्लॉट पडलेत आणि चारमजली इमारती उभ्या आहेत, पण तेव्हा ते साधं खेडं होतं. नागपुरातून उमरेडच्या रस्त्याने सायकल हाणत यायचं आणि बाभळी लागल्या की आमचं गाव. बाबा शेतकऱ्याच्या घरातले धाकटे. जमीन थोरल्या भावांनी कसायची आणि धाकट्याने नोकरी शोधायची, असं घरात ठरलेलंच होतं. त्यांना बैलांचा नाद होता. बैल मिळाले नाहीत म्हणून ते ट्रककडे वळले, असं माय म्हणायची, आणि ती फारसं खोटं बोलत नव्हती.

त्या काळी सरकार माल वाहणारे ट्रकही चालवायचं. हे आज वर्गात सांगितलं तर माझे विद्यार्थी हसतात. पण बाबा त्याच ट्रकांवर होते. खाकी कोट, छातीवर पितळी बिल्ला, आणि ठरलेली पाळी. पाळी संपली की पुढच्या डेपोवर दुसरा ड्रायव्हर तयार असे. किल्ली त्याच्या हातात द्यायची, हातपाय धुवायचे आणि डेपोतल्या खाटेवर पाय ताणून झोपायचं. झोपेचा विषय निघाला की बाबांचा चेहरा खुलायचा. लोक देवाबद्दल बोलतात तसे ते त्या खाटेबद्दल बोलायचे.

पण त्याच खाटेने आमच्या घरात भांडण लावलं. मायचा थोरला भाऊ, नत्थूमामा, काटोलकडचा संत्र्याचा बागाईतदार. एका वर्षी मृगाच्या बहाराची संत्री त्याने जबलपूरला धाडायला सरकारी ट्रकमध्ये भरली. घरचाच माणूस गाडीवर, मग काळजी कसली? शिवनीच्या डेपोपर्यंत बाबांनी गाडी नेली. त्यांची पाळी संपली. पुढे नेणारा ड्रायव्हर तापाने पडलेला, आणि दुसरा माणूस नेमणारा साहेब रजेवर. बाबांनी किल्ली खुंटीला लावली आणि झोपले. उठले तरी दुसरा माणूस आला नव्हता. नियमाप्रमाणे त्यांना पुढे जाता येत नव्हतं, म्हणून ते गेले नाहीत. मार्चचं ऊन. शेवटी गाडी हलली तेव्हा फळ्यांतून रस गळत होता आणि त्यावर माश्या बसल्या होत्या.

"हा सरकारचा जवाई खाटेवर घोरत होता," मामा चारचौघांत सांगायचा, "अन् माह्या संत्र्याचं पानी रस्त्यानं वाहून राहिलं होतं!" दोन दिवाळ्या तो आमच्याकडे आला नाही. बाबा त्यावर एवढंच म्हणायचे, "नियम होता." माय कढईवरचा हात थांबवून म्हणायची, "अन् अक्कल? ते बी डेपोत जमा केली होती का?"

पुढे ती सरकारी सेवा बंद झाली. तोट्यात गेली म्हणे. ट्रक लिलावात निघाले आणि ड्रायव्हरांना प्रवासी बसवर घेतलं. बाबांनी काही महिने बस चालवली, पण त्यांचा जीव रमेना. माणसं घंटी वाजवतात, भांडतात, बाळं रडतात. "माल भांडत नाही," ते म्हणायचे. एक दिवस इतवारीत त्यांना आपलाच जुना ट्रक दिसला. गिरिधरशेठने तो लिलावात घेऊन हिरवा रंगवला होता. बाबांनी बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकला, शेठशी बोलले आणि तिथेच राहिले. विकलेल्या बैलामागे गडी जात नाही. माझे बाबा गेले.

शेठकडे सगळं उलट होतं. तिथे पाळी नव्हती, खाट नव्हती, पुढच्या नाक्यावर वाट पाहणारा दुसरा ड्रायव्हर तर नव्हताच. रायपूरहून आलात? चहा घ्या, माल भरून होतोच आहे, अकोल्याला निघा. पण खरं तेही सांगितलं पाहिजे, माल पोचायचा. नत्थूमामाची संत्री आता शेठच्या गाडीने जायची आणि एकही सडायचं नाही. बाबा मात्र आपल्याच रीतीने चालायचे. डोळा जड झाला की गाडी लिंबाखाली लावायची आणि झोपायचं, मग मागे शेठ असो की शेठचा बाप. शेठ चिडायचा, 'सरकार' म्हणून टोमणे मारायचा, पण काढून टाकत नव्हता. बाबांची गाडी कधी खड्ड्यात गेली नव्हती.

चंद्रभान हा त्याच ट्रान्सपोर्टवरचा दुसरा ड्रायव्हर. बाबांहून बराच लहान, सक्करदऱ्याला राहणारा. हसतमुख, अंगाने किडकिडीत, आणि नाही म्हणायला न शिकलेला. शेठने काही सांगितलं की, "होऊन जाईन शेठ," हे उत्तर ठरलेलं. बाबा त्याला रागवायचे. "तुह्या तोंडात नाही हा शब्दच नाही का गा?" तो हसायचा. आमच्याकडे आला की मायच्या हातची पाटोडी मागून खायचा. त्याची बायको जिजाबाई मायची मैत्रीण झाली होती आणि त्याची दोन्ही पोरं बाबांच्या अंगाखांद्यावर खेळायची. चंद्रभान दारूला शिवत नव्हता. त्याचा बाप दारूने गेला होता, म्हणून तो लग्नाच्या वरातीतही सरबताचा पेला धरून उभा राहायचा.

आता पोळ्याचं सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच अडलं. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात आणि त्यांना आमंत्रण देतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याच्या दिवशी बैलाला जू लावत नाहीत. कितीही अडलं तरी नाही. बाबांनी ही रीत ट्रकला लावली होती. सरकारी डेपोत सगळेच ड्रायव्हर शेतकऱ्यांची पोरं, त्यामुळे तिथे हे चालायचं. साहेबसुद्धा येऊन नारळ फोडायचे. शेठकडे आल्यावरही बाबांनी ते सोडलं नाही. आदल्या दिवशी ट्रक हुडकेश्वरला दारात आणायचा, बॉनेटला तूप-हळद लावायची, चाकांना पाणी घालायचं आणि गंभीर चेहऱ्याने आवतन द्यायचं. गावातली पोरं खिदळायची. बाबांना त्याचं काही नव्हतं. शेठ दर वर्षी कुरकुर करी आणि दर वर्षी ऐकून घेई. दसरा त्याचा, पोळा बाबांचा, असा अलिखित करार होता.

त्र्याहत्तर साली तो करार मोडला. गौरी-गणपतीच्या बाजारासाठी कापडाच्या गाठी अकोल्याला पोचवायच्या होत्या, आणि शेठची दुसरी गाडी रायपूरहून येताना बिघडून आली होती. ती घेऊन आलेल्या चंद्रभानला शेठने तसंच हुडकेश्वरला पिटाळलं. सरकार निघत असला तर ठीक, नाहीतर गाडी तू घेऊन ये आणि अकोल्याला तूच ने, असं बजावून.

मी तेव्हा डी.एड. करत होते. सणाचं म्हणून घरी होते आणि अंगणात रांगोळी काढत होते. चंद्रभानकाका सायकलवरून उतरले ते सायकल धरूनच उभे राहिले, सोडली तर पडतील असे. डोळे लालभडक. त्यांनी दोन रात्री गाडीशी झटापट करण्यात काढल्या होत्या.

"भाऊ, आज तुमीच न्या ना गाडी," ते बाबांना म्हणाले. "माह्याच्यानं डोळे उघडे ठेवनं होऊन नाही राहिलं."

बाबा ट्रकच्या आरशाला बेगड लावत होते. त्यांनी मान वळवली नाही. "आज पोळा हाय. पोळ्याले गाडी जुपत नाही."

"मले ठाऊक हाय भाऊ. पन शेठ ऐकून नाही राहिला."

"मंग नाही म्हन त्याले."

"मी तुमच्यावानी सरकार नाही."

हे बाबांना लागलं. ते फिरले, खिशातून किल्ली काढली आणि ट्रकच्या पायरीवर ठेवली. हातातसुद्धा दिली नाही. "न्यायची असन तं ने. मी हात लावनार नाही."

मायने चंद्रभानकाकांना उपाशी जाऊ दिलं नाही. ओसरीवर पाट मांडला, पुरणपोळी वाढली, वर तूप घातलं. दोन घास खाल्ले असतील नसतील, त्यांची मान खाली गेली. बोटं तुपात तशीच राहिली आणि ते ताटावर बसल्या बसल्या झोपले. माय त्यांना हलवायला कचरत होती. बाबा समोर उभे राहून पाहत होते. त्यांना राग चंद्रभानचा नव्हता. आवतन दिलेल्या गाडीला सणाच्या दिवशी दारातून हाकलून नेतात याचा होता. काकांना आपोआप जाग आली. ओशाळून हसले, हात धुतले, गाडीत चढले. बाबांनी बॉनेटवरचा हार तेवढा काढून घेतला.

कोंढाळीच्या अलीकडच्या उतारावर, भर दिवसा, ट्रक पुलाचा कठडा तोडून खाली गेला. क्लीनर पोळ्यासाठी गावी गेला होता, त्यामुळे गाडीत चंद्रभानकाका एकटेच होते. ते जागच्या जागी गेले.

शेठने दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की ड्रायव्हर पिऊन होता. आणि ते सगळ्यांना पटलं, हेच वाईट. सणाच्या दिवशी अर्धा गाव पितो, मग ड्रायव्हर प्यायला यात नवल काय? पोलिसांनीही तेच धरलं. जिजाबाई दारोदार सांगत फिरली, "ते थेंबाले शिवत नव्हते हो." लोक माना हलवायचे आणि ती वळली की एकमेकांकडे पाहायचे. शाळेत तिच्या पोरांना 'बेवड्याचे' म्हणून चिडवायला लागले.

ती आमच्याकडेही आली. पायरीवर बसून तिने बाबांना विचारलं, "भाऊ, गाडी तुमच्या दारातून गेली. ते आले तवा कसे होते?"

आणि माझे बाबा, ज्यांनी आयुष्यात नियम मोडला नाही ते बाबा, म्हणाले, "मी घरी नव्हतो जिजाबाई. तोरणाखाली बैल पाहाले गेलो होतो. किल्ली हिनं देली."

जिजाबाईने मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "घाईत होते वं. म्या काही नीट पाह्यलं नाही."

मी आत उभी होते. माझ्या अंगाची आग झाली. ती गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "काकांनी दारू घेतली नव्हती हे तुम्हाला माहीत आहे. सांगून टाका ना." मायच माझ्यावर उसळली. "काय सांगतीन ते? का तो ताटावर झोपला, यायनं पाह्यलं, न् तरी जाऊ देल्लं? सांगून मानूस वापस येते का?"

त्यानंतर बाबा दर रविवारी सक्करदऱ्याला जाऊ लागले. कधी भाजी घेऊन, कधी छपरावरचे कवेलू फेरायला. जिजाबाई त्यांना देवमाणूस म्हणायला लागली. ते ऐकून घरी आले की त्यांचं जेवण जात नसे.

डिसेंबरात अधिवेशनासाठी सगळं सरकारच नागपुरात येतं. त्या वर्षी त्याच्यासोबत एक समितीही आली. बँका सरकारच्या झाल्या होत्या, कोळशाच्या खाणी झाल्या होत्या, आता ट्रकची मालवाहतूक पुन्हा सरकारने हातात घ्यावी का, यावर ती लोकांची मतं ऐकणार होती. युनियनचे विश्वनाथभाऊ लगेच आमच्याकडे आले. खांद्यावर झोळी, बोलणं सभेतल्यासारखं, पण माणूस कळकळीचा.

"रुपरावजी, दोन्ही घरचं मीठ खाल्लेला तुमच्याशिवाय दुसरा मानूस नाही. तुमी फक्त एवढं सांगा. सरकारी होतं तवा मानूस झोपत होता, आता मरून राहिला. बस. जिजाबाई बी येनार हाय. तिले पाहूनच समितीचं काळीज पाघळन."

बाबांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. इकडे मालकांच्या संघटनेने साक्षीदार म्हणून कोणाला उभं करावं? नत्थूमामाला! आणि मामा आदल्या दिवशी उतरला कुठे? तर आमच्याच घरी. बहिणीच्या हातचं खाऊन उद्या भावजीच्या विरुद्ध बोलणार होता, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जेवताना तो म्हणाला, "राग नका मानू जवाईबुवा. पन सरकारनं गाड्या घेतल्या तं माही संत्री पुन्हा शिवनीले सडतीन."

"सडतीन," बाबा म्हणाले.

मामाचा घास हातातच राहिला. त्याने भांडणाची तयारी करून ठेवली होती, ती वाया गेली.

"अन् शेठकडे ठेवल्या तं?" मी विचारलं.

"ते उद्या सांगतो," बाबा म्हणाले. मग मायकडे न पाहता, "पोळ्याचं बी सांगतो."

मायने ताटं उचलली ती आदळतच. "तिच्या देखत सांगसान? अजी, जिजा तुमाले देवमानूस म्हनते. एकच आधार हाय तिले."

"म्हनूनच," बाबा म्हणाले.

सुनावणी सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी बंगल्याच्या दिवाणखान्यात होती. लांब टेबलामागे तिघेजण, बाजूला टंकलेखक. डावीकडे शेठ आणि इतर मालक, उजवीकडे युनियनवाले, आणि मागच्या भिंतीशी पदर डोक्यावरून घेतलेली जिजाबाई. मी तिच्या शेजारी बसले. तिने माझा हात धरून ठेवला होता. मला तो सोडवून घ्यावासा वाटत होता.

मामाने आपली संत्री झकास रंगवून सांगितली. मालक हसले. मग बाबांचं नाव पुकारलं. त्यांनी तो जुना खाकी कोट घातला नव्हता. साधं धोतर, सदरा. अध्यक्ष वयस्कर, मवाळ बोलणारे. म्हणाले, "तुम्ही दोन्हीकडे काम केलंत. आम्हाला सरळ सांगा, ही वाहतूक सरकारने पुन्हा ताब्यात घ्यावी का?"

विश्वनाथभाऊंनी घसा खाकरला.

"साहेब, माह्या साळ्यानं सांगतलं ते खरं हाय," बाबा म्हणाले. "उलट त्यानं कमीच सांगतलं. शिवनीले माही झोप झाली होती. अंगात जोर होता. गाडी नेली असती तं कोन मले फाशी देनार होतं? पन पाळी संपली होती, म्हनून म्या संत्री सडू देली. वरचा साहेब रजेवर, खालचे आमी नियमावर. माल कोनाचाच नव्हता."

मालकांच्या बाजूने टाळ्या पडल्या. विश्वनाथभाऊंनी कपाळाला हात लावला.

"आता शेठचं सांगतो. इथं माल शेठचा असते. मानूस कोनाचाच नसते. चंद्रभान पेलेला नव्हता साहेब."

शेठ ताडकन उठला. "ये किधर की बात किधर..."

"त्याले बोलू द्या," अध्यक्ष म्हणाले.

"तो पेलेला नव्हता. दोन रात्रीचा जागा होता. मले ठाऊक हाय, कारन तो माह्या दारात आला होता. मी घरीच होतो. तो मले म्हने, भाऊ, गाडी तुमी न्या, माहे डोळे उघडे राहून नाही राहिले. म्या म्हटलं, आज पोळा हाय. माह्या बायकोनं त्याले जेवाले वाढलं, तं तो ताटावर झोपला. म्या हे माह्या डोळ्यानं पाह्यलं. किल्ली बी म्याच देली. गाडीले हळद लावली होती साहेब, गाडीले आवतन देलं होतं. तिले आराम पाह्यजे होता. त्याच्याकडे म्या पाह्यलंच नाही."

जिजाबाईच्या हाताची पकड सैल झाली. तिने हात आपल्या मांडीवर घेतला.

टंकलेखकाची बोटं थांबली होती. अध्यक्ष म्हणाले, "हे दुःखद आहे. पण अपघाताची चौकशी आमच्याकडे नाही. आमचा प्रश्न मालकीचा आहे. घ्यावी की घेऊ नये?"

"सरकारी असती तं चंद्रभानाले त्या दिवशी कोनी धाडलं नसतं," बाबा म्हणाले. "हे एवढं खरं हाय, लिहून घ्या. पन सरकारात मी नियमाच्या मागं लपलो, अन् शेठकडे सनाच्या मागं. ज्याच्या डोळ्यात झोप हाय त्याच्या हाती किल्ली जानार नाही, हे कोन पाहीन, ते तुमी ठरवा. मालक नाही पाहत. साहेब रजेवर राहते. अन् म्या बी नाही पाह्यलं."

टंकलेखकाने हळूच विचारलं, "सर, होय लिहू की नाही?"

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "साक्षीदाराचं निश्चित मत नाही, असं लिहा. पुढचा कोण?"

मला विचाराल तर त्या दिवशी तिथे निश्चित असं बोलणारा तो एकटाच माणूस होता. पण मला कोण विचारतो! समितीने पुढे काय केलं, तेही कधी कळलं नाही. ट्रक शेठांकडेच राहिले, एवढं सगळ्यांना दिसतं.

बाहेर आलो तेव्हा शेठ मोटारीत बसत होता. काच खाली करून म्हणाला, "कल से आराम करो, सरकार. रोज पोला." विश्वनाथभाऊ झोळी सावरत दुसऱ्या बाजूने निघून गेले. नत्थूमामा तेवढा थांबला. त्याने बाबांच्या पाठीवर हात ठेवला आणि मग विडी पेटवली.

जिजाबाई पायऱ्या उतरून बाबांसमोर आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"पेलेले नव्हते, हे समद्यायच्या पुढं सांगतलं," ती म्हणाली. "माह्या पोरायची मान वर केली. तुमचे उपकार हायेत भाऊ."

बाबा खाली पाहत होते.

"ताटावर झोपले होते म्हनता?"

"हो."

"किती जेवले होते?"

"दोन घास."

"अन् तुमी पाहून राहिले होते."

"हो."

तिने पदर सारखा केला. "मंग आता आमच्या घरी येत नका जाऊ, भाऊ. पोरं विचारतीन, त्यायले मी सांगीन काय सांगाचं ते."

"बरं," बाबा म्हणाले.

ती एकटी रस्त्याला लागली. मला तिचा भयंकर राग आला. तिच्यासाठीच तर माणसाने नोकरी घालवली, अब्रू घालवली! राग चुकीच्या माणसावर आहे हे मला कळत होतं, तरी तो आला. ज्यांच्यावर यायला हवा होता, ते आपापल्या मोटारींतून केव्हाच गेले होते.

घरी माय दारातच उभी होती. तिने ना समितीचं विचारलं, ना नोकरीचं. "जिजा काय म्हने?"

बाबांनी चपला काढल्या, पायावर पाणी घेतलं.

"बरोबर म्हने," ते म्हणाले.